शेवटचा हात कोणाचा?

काका कुठेही कामाला गेले की पहिली दहा मिनिटं कशालाच हात लावत नसत. पिशवीतून घडीचं स्टूल काढायचे, स्विचच्या समोर मांडायचे आणि दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून लुकलुकणारे दिवे बघत बसायचे. स्विच म्हणजे इमारतीतल्या सगळ्या कॉम्प्युटरच्या वायरी जिथे येऊन मिळतात ती पेटी. गिऱ्हाईक डोक्याशी उभं, त्याचा धंदा अडलेला, आणि आमचे काका पूजेला बसल्यासारखे बसलेले. कोणी विचारलंच, की काही कळलं का, तर मान न वळवता म्हणायचे, "अजून बोलतायत ते. बोलणं संपू दे."

बडोद्यात लहरीपुऱ्याजवळ एका गुजराती शेठची लहानशी कंपनी होती. दुकानं, दवाखाने, कारखाने यांची कॉम्प्युटरची जोडणी करायची आणि बिघडली की दुरुस्त करायची, हे आमचं काम. काका, म्हणजे कंपनीत सगळ्यांचेच काका, टेलिफोन खात्यातून निवृत्त होऊन तिथे आले होते. मी आले ती मुलगी शाळेत जायला लागल्यावर, पाच वर्षं घरी बसून. शेठनी मला तीन महिन्यांच्या बोलीवर घेतलं. तसं गुजरातीत टाइप केलेलं पत्रच हातात दिलं: तीन महिन्यांत काम संतोषकारक न वाटल्यास कारण न देता कमी करण्यात येईल. ते पत्र मी पर्समध्ये घेऊन फिरायचे. का, ते मलाही सांगता आलं नसतं. पाच वर्षांत जग पुढे गेलं होतं आणि मी मागे राहिले होते, असं मला रोज सकाळी वाटायचं.

काकांनी पहिल्या दिवशी मला एवढंच विचारलं, "जिने चढता येतात ना?" मी हो म्हटलं. "मग झालं. बाकी सगळं पुस्तकात आहे."

जिन्यांचं कारण लवकरच कळलं. वायरीच्या एका टोकाला हात लावला की दुसऱ्या टोकाला स्वतः जाऊन बघायचं, हा त्यांचा नियम होता. फोन करून विचारायचं नाही. फोनवर दिवे दिसत नाहीत, असं त्यांचं म्हणणं, आणि कामाच्या वेळी ते फोन उचलतही नसत. मांडवीतल्या एका साड्यांच्या दुकानात आम्ही काम केलं तेव्हा काका तळमजल्यावर आणि मी तिसऱ्या मजल्यावर. दोन्ही टोकांना एकदम बोलता येत असेल तर त्या जोडणीला 'फुल' म्हणायचं. ते खालून ओरडायचे, "माझ्याकडे फुल! तुझ्याकडे?" मी कठड्यावरून वाकून ओरडायचे, "फुल!" मधल्या मजल्यावर बांधणी बघत बसलेल्या बायका दर वेळी दचकायच्या. दुकानाचे मालक हात जोडून म्हणाले, "काका, धीमेथी बोलो ने." काका म्हणाले, "धीमेथीच बोललो असतो, तुमचा जिना छोटा असता तर."

याचं मूळ ते पार आपल्या पणजोबांपर्यंत नेऊन पोचवत. पणजोबा म्हणे राज्याच्या फौजेत होते आणि लहरीपुरा दरवाज्यावर पहारा द्यायचे. पहारा बदलताना जाणाऱ्याने येणाऱ्याला समोर उभं राहून, तोंडाने, मोठ्याने सांगायचं: काय उघडं आहे, काय बंद आहे, किल्ली कुठे आहे. येणाऱ्याने ते तसंच परत म्हणून दाखवायचं. त्याशिवाय जाणाऱ्याची सुटका नाही. पणजोबांची ही गोष्ट खरी किती आणि काकांनी स्विचसाठी रचलेली किती, हे मला कधीच ठरवता आलं नाही. बडोद्यातल्या निम्म्या मराठी घरांचे पणजोबा कुठल्या ना कुठल्या दरवाज्यावर उभे होतेच.

काम झालं की काका चिठ्ठ्या बांधत. जुन्या लग्नपत्रिका जमवून त्यांचे बोटभर तुकडे कापायचे, भोक पाडायचं, पांढरा दोरा ओवायचा. मागच्या कोऱ्या बाजूवर बारीक अक्षरात लिहायचं: या टोकाला काय ठेवलं आहे, त्या टोकाला काय ठेवलं आहे, आणि शेवटचा हात कोणाचा. एक चिठ्ठी इकडे, एक तिकडे. त्यामुळे बडोद्यातल्या कितीतरी कपाटांत वायरींना "चि. सौ. कां." आणि "आहेर आणू नये" लटकलेलं असे. एका गुजराती दुकानदाराने मला हळूच विचारलं होतं, की कोणाचं लग्न आहे, आणि आपल्याला आमंत्रण आहे का.

"शेवटचा हात कोणाचा?" हा त्यांचा पहिला प्रश्न असायचा. काय बिघडलं, हे नंतर. सावली गावाजवळच्या एका कारखान्यात एकदा सगळंच ठप्प झालं होतं. मॅनेजरसाहेब काकांच्या स्टुलाभोवती येरझारा घालत होते. काकांनी प्रश्न विचारला. "कोणीच हात लावला नाही," मॅनेजर म्हणाले. काकांनी माझ्याकडे बघितलं. परत विचारलं. परत तेच उत्तर. मग काकांनी टेबलाखालची एक वायर बोटाने वर उचलली. तिची दोन्ही टोकं एकाच स्विचमध्ये खोचलेली होती. पाठवलेलं सगळं त्या वायरीतून गोल फिरून परत तिथेच येत होतं आणि त्या गर्दीत बाकीच्यांना वाट मिळत नव्हती. मॅनेजरनी वाकून ती वायर बघितली. "एक टोक लोंबत होतं," ते म्हणाले, "बरं दिसत नव्हतं." येताना काका रिक्षात म्हणाले, "'कोणीच नाही' म्हणजे 'मी'. लिहून ठेव." आणि कारखान्यातून मिळालेला लीलो चेवडो अख्ख्या वाटेत एकटेच खात बसले.

आता ज्या गोष्टीसाठी हे लिहायला बसले आहे, ती सांगते.

माझ्या बोलीचा तिसरा महिना चालू होता. काकांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि ते घरी बसले. त्याच आठवड्यात मांडवीजवळच्या एका एक्स-रे सेंटरमधला जुना स्विच बदलायचं काम निघालं. शेठ म्हणाले, "तमे जई आवो." माझं एकटीचं पहिलं काम. रविवारी सेंटर बंद असताना मी गेले, दुसऱ्या मजल्यावरच्या कपाटातला जुना स्विच काढला, नवा बसवला, सगळ्या वायरी होत्या त्या क्रमाने लावल्या. सगळे दिवे लागले. सगळीकडे पिंग करून बघितलं, सगळीकडून उत्तर आलं. मी घरी जाऊन मुलीला सेव-उसळ खायला घेऊन गेले, इतकी खूश होते.

सोमवारी सकाळी डॉक्टरबेनचा फोन. तळमजल्यावर एक्स-रे काढला, की तो वर त्यांच्या खोलीत यायला वीस-वीस मिनिटं लागत होती. कधी अर्ध्यात तुटून पुन्हा पहिल्यापासून सुरू. एरवी त्या चहाचा कप उचलेपर्यंत फोटो येत असे. मी धावत गेले. वायर बदलली. स्विचचं दुसरं भोक वापरलं. पुन्हा वायर बदलली. फोटोच्या सॉफ्टवेअरवाल्यांना फोन केला. ते म्हणाले नेटवर्क बघा. मी नेटवर्कच बघत होते. स्विचच्या सेटिंगच्या पानावर सगळं 'ऑटो' लिहिलेलं होतं, जसं असायला हवं तसं.

मंगळवार गेला, बुधवार गेला. दर पेशंटला डॉक्टरबेन दोन मजले उतरून मशीनच्याच पडद्यावर फोटो बघायच्या आणि गुडघ्यावर हात ठेवत परत वर चढायच्या. बुधवारी संध्याकाळी शेठ म्हणाले, "बेन, शनिवार सुधी जोईए. पछी मारे बीजा कोईने मोकलवो पडशे." शनिवारनंतर दुसरा माणूस पाठवीन. दुसरा माणूस कामाला की माझ्या जागेवर, ते मी विचारलं नाही. पर्समध्ये पत्र होतंच.

काकांकडे मी तीन दिवस गेले नाही. डोळ्यांचं ऑपरेशन झालंय, त्रास नको, असं मी सगळ्यांना सांगत होते. खरी गोष्ट अशी, की ते पहिला प्रश्न काय विचारणार हे मला माहीत होतं, आणि त्याचं उत्तर मला द्यायचं नव्हतं.

गुरुवारी सकाळी गेले. काका काळा चष्मा लावून झोपाळ्यावर बसले होते. त्यांची थोरली बहीण, आक्का, भाजी निवडत होती. ती काकांहून सहा वर्षांनी मोठी, कानांनी अधू आणि तोंडाने खणखणीत. मी सगळं सांगितलं.

"शेवटचा हात कोणाचा?"

"माझा," मी म्हटलं. म्हटलं आणि रडायलाच आलं.

"रडतेस काय? निदान 'कोणीच नाही' तरी नाही म्हणालीस. पिंग जातो?"

"जातो."

"पिंग म्हणजे दारातून हाक मारणं. आत आहात का? आहे. तब्येत कशी ते त्यात कळत नाही. लहान फाइल जाते?"

"जाते. मोठा फोटो अडतो."

"मग असं बघ, की—"

"डोळ्यात थेंब घातलेस का?" आक्काने मध्येच विचारलं.

काका थांबले. "घातले. मग असं बघ, की दोन टोकांना—"

"रात्रीचे नव्हे, सकाळचे विचारत्ये मी. परवा पण असंच म्हणालास आणि बाटली भरलेली."

काका पुन्हा थांबले. पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. पुन्हा आक्का बोलली. असं चार वेळा झालं. मग काकांनी तिच्याकडे बोट केलं आणि मला म्हणाले, "हेच चाललंय तुझ्याकडे. आक्का फुल आहे, मी हाफ. ती समोरचा बोलत असला तरी बोलते, तिला वाटतं दोघांनी एकदम बोललं तरी चालतं. मला लहानपणापासून सांगितलंय, दुसरा बोलत असला की थांबायचं आणि मग पहिल्यापासून बोलायचं. 'चहा?' 'हो.' एवढं आमचं छान जमतं. लांबलचक काही सांगायला गेलो की पतलं, संपलंच सगळं. खाली काय आहे? मशीनच्या कॉम्प्युटरचं नेटवर्कचं कार्ड कशावर ठेवलंय?"

"त्याला मी हातच नाही लावला, काका."

"अहो मॅडम, तेच विचारतोय मी." ते 'अहो' म्हणाले की रागावलेत असं समजायचं. "वर 'ऑटो' लिहिलंय म्हणता. ऑटो म्हणजे समोरच्याला विचारून ठरवणार. समोरच्याने उत्तरच दिलं नाही तर?"

तर स्विच सभ्यपणाने हाफ धरतो. हे मला माहीत होतं. पाच वर्षांपूर्वी पाठ होतं. आणि मी बघितलं होतं ते सेटिंगचं पान. प्रत्यक्षात काय ठरलं, ते दुसऱ्या पानावर असतं, ते मी उघडलंच नव्हतं.

मी निघाले, तर काका स्टुलाची पिशवी घेऊन मागे. आक्का म्हणाली, डॉक्टरांनी पंधरा दिवस धुळीत जायचं नाही म्हणून सांगितलंय. काका म्हणाले, जातो. ती बोलतच होती. आम्ही जिना उतरलो तरी तिचा आवाज येत होता. माझ्या स्कूटरवर मागे बसून काळ्या चष्म्यातले काका मांडवीच्या गर्दीतून असे चालले होते, की लोक वाट देत होते.

सेंटरमध्ये त्यांनी कपाटासमोर स्टूल मांडलं. बाकावर मनगटाला फडकं बांधलेले एक आजोबा फोटोची वाट बघत होते. काकांनी स्विचच्या तोंडावरचं लहानसं बटण चाचपलं आणि दाबलं. त्या बटणाने दिव्यांचा अर्थ बदलतो: जे टोक फुल चाललंय त्याचा दिवा लागतो, हाफ असेल त्याचा विझतो. "मला नीट दिसत नाही," ते म्हणाले. "तू वाच."

मी वाचले. एक सोडून सगळे लागले होते. विझलेला दिवा तळमजल्यावरच्या एक्स-रेचा होता. रविवारपासून तो माझ्या नाकासमोर होता, एक बटण दाबायचाच अवकाश.

"जा खाली."

खाली मशीनच्या कॉम्प्युटरवर मी कार्डाचं सेटिंग उघडलं. तिथे कोणीतरी हाताने पक्कं करून ठेवलं होतं: वेग शंभर, बोलणं फुल. म्हणून ते वरच्याला उत्तर देत नव्हतं. जुना स्विचही तसाच हाताने पक्का केलेला असणार. मी तो काढला आणि त्याच्याबरोबर ते ठरलेलं बोलणंही गेलं. मी वायर उलटसुलट करून बघितली. चिठ्ठी नव्हती. मी जिन्यातून ओरडले, "काका, इथे हाताने फुल ठेवलंय! चिठ्ठी नाहीये!"

वरून काही आवाज आला नाही. मी दोन-दोन पायऱ्या चढत वर गेले. डॉक्टरबेन दारात उभ्या होत्या आणि अगदी सहज म्हणत होत्या, "काका, ए तो तमेज करेलुं. मशीन नवुं आव्युं त्यारे. याद नथी?" ते काकांनीच केलेलं होतं, मशीन नवं आलं तेव्हा.

काका गुडघ्यांवर हात ठेवून बसले होते. म्हणाले, "तेव्हाची कार्डं ऑटोवर भांडायची. दोन्ही टोकं हाताने पक्की करावी लागायची. बरोबर होतं ते." मग म्हणाले, "त्या दिवशी पत्रिका संपल्या होत्या. उद्या येऊन बांधतो म्हटलं होतं."

मला काय वाटलं ते खरं सांगते. पहिल्यांदा सुटल्यासारखं वाटलं, आणि लगेच त्या सुटल्यासारखं वाटण्याची लाज वाटली.

"जा," काका म्हणाले, "माझं केलेलं तुझ्या हाताने काढ. ऑटो कर."

मी खाली जाऊन ऑटो केलं. वरून त्यांचा आवाज आला, मांडवीच्या साडीवाल्यानेही ऐकला असेल इतका मोठा: "माझ्याकडे दिवा लागला! तुझ्याकडे?"

"फुल, काका!"

आजोबांच्या मनगटाचा फोटो डॉक्टरबेन खुर्चीत टेकायच्या आत वर आला. त्यांनी तो बघितला, मग माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाल्या, "हाश." एवढंच. आजोबांचं हाड मोडलं नव्हतं, नुसतं मुरगळलं होतं. मी जिन्याच्या पायरीवर बसून पाणी प्यायले.

मग काकांनी जे केलं ते मी त्याआधी कधी बघितलं नव्हतं. कामाच्या जागी त्यांनी फोन काढला आणि शेठना लावला. "शेठ, भूल मारी छे. चिठ्ठी में नहोती बांधी."

"काका, चूक माझीसुद्धा आहे," मी म्हटलं. "मी खाली जाऊन बघायला हवं होतं."

त्यांनी फोनवर हात ठेवला. "हवंच होतं. ते मी तुला आयुष्यभर ऐकवीन. शेठनी ऐकायची गरज नाही." मग बराच वेळ नुसतं "हा, हा" चाललं होतं. शेवटी म्हणाले, "ए तो तमेज एने कहो," आणि फोन माझ्या हातात दिला. शेठ म्हणाले, सोमवारी सावलीला जायचंय, नव्या कारखान्यात सगळी जोडणी करायची आहे, काकांना आराम करू द्या. "तमे एकला जजो. अने पगारनुं पछी बेसीने वात करीए." शनिवारचं कोणी काही बोललं नाही.

काकांनी पिशवी चाचपली. ऑपरेशनच्या गडबडीत पत्रिका घरीच राहिल्या होत्या. "कागद दे एखादा. या वेळी उद्यावर ठेवत नाही."

पर्समध्ये कागद एकच होता. मी ते पत्र दिलं. काकांनी डोळ्यांजवळ नेलं, काही दिसेना, म्हणून मला वाचायला सांगितलं. मी वाचलं. त्यांनी ते घेतलं, घडी घातली आणि छोट्या कात्रीने कापलं. "हा आता लागायचा नाही तुला," म्हणाले. मागच्या कोऱ्या बाजूवर त्यांनी मला लिहायला लावलं: वर ऑटो, खाली ऑटो. "आणि शेवटचा हात?" मी विचारलं. ते म्हणाले, "तुझं नाव लिही की. माझा कशाला आता." एक चिठ्ठी वर बांधली, एक खाली.

याला आता बरीच वर्षं झाली. काका कामाला येत नाहीत. झोपाळ्यावर बसून आक्काचं ऐकतात आणि मी गेले की ती चार दिवसांची गोष्ट मला न चुकता ऐकवतात, कबूल केल्याप्रमाणे. माझ्या हाताखाली आता तिघं आहेत. तिघांनाही जिने चढायला आवडत नाहीत.

गेल्या महिन्यात त्या सेंटरमध्ये नवं मशीन आलं. तळमजल्यावर मी टेबलाखाली वाकले, तर वायर तीच आणि चिठ्ठीही तीच, पिवळी पडलेली, माझ्या अक्षरातली. सवयीने उलटून बघितली. मागे गुजराती टायपात अर्धी ओळ होती: "जो काम संतोषकारक नहि जणाय तो". पुढची अर्धी ओळ, कमी करण्यात येईल ती, दोन मजले वर दुसऱ्या चिठ्ठीवर. मी ढिला झालेला दोरा घट्ट केला आणि ते टोक बघायला जिना चढले.